कोयता चालत नाही? जोर लावायच्या आधी हे तपासा

दिवाळीच्या आसपास मला हा प्रश्न हमखास येतो. मुंबई-पुण्याहून कोणीतरी चार दिवसांची रजा काढून राजापूर-लांज्याकडच्या आपल्या गावच्या घरी येतं. पावसाने परड्यात, म्हणजे घरामागच्या आवारात, पुरुषभर रान माजवलेलं असतं. पडवीतल्या खुंटीवरचा कोयता काढून माणूस उतरतो आणि तासाभरात हाताला फोड घेऊन पायरीवर येऊन बसतो. म्हणतो, "कोयताच चालत नाही." मग बाजारातून नवा कोयता आणला जातो आणि पुढच्या वर्षी तोही चालत नाही.

गेली पंधरा वर्षं मी वाडीतली बंद घरांची परडी आणि दोन-तीन लहान कलमबागा बेणतो, म्हणजे रान काढून साफ करतो. माझ्या हाती आलेल्या 'न चालणाऱ्या' कोयत्यांपैकी खरोखर बाद झालेले फार थोडे होते. बाकीचे अर्ध्या तासाच्या कामात सरळ झाले. म्हणून स्वस्तात होणारं आधी, महागाचं नंतर, या क्रमाने खाली लिहितो. क्रम मोडू नका. मुठीत दोष असताना धारेवर दोन तास घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

लक्षणं

– घाव घातला की कोयता उसळून परत येतो, फांदी नुसती डोलते.
– फांदी तुटण्याऐवजी चिंबते, सालीच्या दशा लोंबतात.
– पातं लाकडात रुतून बसतं, हलवून काढावं लागतं.
– घावागणिक मुठीत झिणझिण्या येतात, अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो.
– धार लावल्यावर चांगला चालतो, पण पाऊण तासात पुन्हा बोथट.
– कोयता नीट चालतो, जागाही साफ होते, पण दीड-दोन महिन्यांत तेच रान तिथेच पुन्हा उभं राहतं.

शेवटचं लक्षण हत्याराच्या दोषाचं नाही, पद्धतीच्या दोषाचं आहे. त्याच्याबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

१. आधी काठी, मग कोयता (खर्च: शून्य)

रानात शिरताना पहिलं हत्यार लांब काठी. पुढची जमीन काठीने ठोकत, पाचोळा हलवत जायचं. याला दोन कारणं आहेत. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं भरपूर आहे. ते हातभराचंही नसतं, पाचोळ्याच्या रंगाचं असतं आणि दगडाखाली किंवा सुक्या पानांत गप्प पडून राहतं. काठीच्या आवाजाने सगळीच सरकतात असं नाही, पण तुमचा हात जाण्याआधी तिथे काठी गेलेली असते. दुसरं कारण जुन्या विहिरी. कठडा नसलेली, वेलींनी झाकलेली बावडी दोन हातांवरूनही दिसत नाही. ज्या घराला पूर्वी आगर, म्हणजे माड-पोफळीची बाग, होतं तिथे कुठेतरी बावडी असणार असं धरूनच चाला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या.

याच फेरीत जपायची रोपं शोधून काढा. प्रत्येकाशेजारी उंच काठी रोवा आणि तिला रंगीत चिंधी बांधा. हे न केल्यामुळे माझ्या हातून एका वर्षी काजूची तीन कलमं रानमोडीच्या झुडपांबरोबर गेली. ती मालकाच्या आईने लावलेली होती. तेव्हापासून चिंध्यांची पिशवी घेतल्याशिवाय मी परड्यात उतरत नाही.

२. घाव कुठे आणि कसा पडतो (खर्च: शून्य)

कोयता उसळतो याचं सर्वांत मोठं कारण हे. ओली, लवचीक काठी मोकळी असेल तर घावाचा जोर ती वाकून पिऊन टाकते. कापायला पात्याला विरोध लागतो आणि तो विरोध आपणच तयार करायचा असतो. डाव्या हातात बेचक्याची काठी घ्या, तिने झुडूप एका बाजूला दाबून वाकवा आणि वाकलेल्या बाजूच्या पाठीवर, म्हणजे जिथे तंतू ताणले गेले आहेत तिथे, बुंध्याजवळ तिरका घाव घाला. ताणलेला तंतू अर्ध्या जोरातही सुटतो. करून बघा, हातातला फरक लगेच कळेल. झुडूप डाव्या हाताने कधीच धरू नका. कोयत्याच्या जखमांपैकी मी पाहिलेल्या बहुतेक डाव्या मनगटाच्या आणि डाव्या नडगीच्या आहेत.

घाव आडवा नको, तिरका हवा, साधारण पंचेचाळीस अंशांचा. आडव्या घावाला सगळे तंतू एकदम तोडावे लागतात, तिरक्यात पातं घसरत कापत जातं. पण तिरक्या घावाने मागे टोकदार सड राहते आणि ती रबरी चपलेतून आरपार पायात जाते. म्हणून कापायचं ते जमिनीच्या अगदी लगत, किंवा मग सरळ गुडघ्याच्या वर आणि नंतर मुळासकट काढायचं. घोट्याएवढी उंच सड सोडणं सगळ्यात वाईट. पायात बूट घालाच.

वेळही बघा. सकाळी दवात गवत ओलं असतं तेव्हा विळा सुरेख चालतो, दुपारी तेच गवत वातड होतं. झुडपांचं मात्र उलट. ओल्या मुठीवरून हात घसरतो, त्यामुळे दव उडाल्यावरच कोयता हातात घ्या.

३. पातं पुसा (खर्च: चमचाभर खोबरेल)

पात्यावर बोट फिरवा. चिकट लागतं का? फणसाचा, रुईचा चीक आणि काजूचा डिंक यांचा पातळ थर बसला की पातं लाकडात शिरताना अडतं आणि शिरल्यावर रुतून बसतं. लोक याला बोथटपणा समजून दगडावर घासायला बसतात. दगडाच्या बारीक भोकांत चीक भरतो आणि दगडही कामातून जातो. फणस कापताना सुरीला तेल लावतो तसंच इथेही करायचं. खोबरेल किंवा रॉकेलच्या चिंधीने पातं पुसा, गंज असेल तर नारळाच्या सोडणावर वाळू घेऊन घासा. काम चालू असताना कमरेला तेलाची चिंधी असू द्या. पातं अडकण्याचा त्रास इथेच संपण्याची शक्यता मोठी आहे.

४. धार (खर्च: एक कानस, एक दगड)

आता धार बघा. कोयता उन्हात धरा, धार डोळ्यांकडे. चांगली धार दिसतच नाही. जिथे पांढरी चमकती रेघ दिसते तिथे धार मोडलेली आहे. दुसरी परीक्षा, अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवून बघा. रुतली तर ठीक, घसरली तर बोथट.

बहुतेक कोयत्यांची धार टोकाकडच्या वीतभर भागात मोडलेली असते, कारण हेच टोक जमिनीला आणि गडग्याला, म्हणजे परड्याभोवतीच्या दगडी कुंपणाला, लागतं. आमच्याकडचा गडगा जांभ्याचा. जांभा मऊ म्हणतात, पण त्यातले लोहयुक्त कण पात्याला दाते पाडायला पुरेसे कठीण असतात. म्हणून गडग्यालगतचं रान कोयत्याने नाही, विळ्याने काढायचं.

धार लावायची रीत अशी. कोयता फळीवर घट्ट धरा किंवा पायाखाली लाकडी ठोकळ्यावर दाबा. दाते पडले असतील तर आधी चपट्या कानशीने, एकाच दिशेने, पात्याच्या पाठीकडून धारेकडे न घासता धारेकडून पाठीकडे घासा. कानस पुढे जातानाच कापते, मागे ओढताना उचलायची. दाते गेले की ओला निसणा, म्हणजे धारेचा दगड, गोल-गोल फिरवत दोन्ही बाजूंना सारखा चालवा. उतार किती ठेवायचा हे महत्त्वाचं आहे. नुसतं गवत आणि कोवळी झुडपं असतील तर उतार निमुळता, एका बाजूला साधारण पंधरा अंश. सुकं लाकूड आणि बांबू तोडायचा असेल तर थोडा जाड, वीस-बावीस अंश. फार निमुळती धार बांबूच्या पेरावर मुडपते. नेहमी धार जाते अशी तक्रार असणाऱ्यांनी उतार आधी बघावा.

शेवटी धारेवर एक केसासारखी बारीक कडा उरते. ती तशीच राहिली की पहिल्या दहा घावांत मुडपते आणि धार टिकत नाही असं वाटतं. दगडाचे दोन-चार हलके हात आलटून पालटून दिले की ती निघून जाते. आमच्याकडचे जुने गडी अर्ध्या तासाने पान खायला बसायचे तेव्हा दगडाचे पाच-सहा हात मारून घ्यायचे. धार पूर्ण गेल्यावर लावण्यापेक्षा ती जाऊच न देणं सोपं, हे त्यांना हातानेच कळलेलं होतं.

वैभव विळा असेल तर त्याला दगड लावू नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने भातकापणीसाठी पुढे आणलेला हा विळा दातेरी आहे, तो ओढून कापतो. त्याने घाव घालायचा नसतो. दगडावर घासला की दाते सपाट होतात आणि मग तो धड विळाही राहत नाही.

५. मूठ (खर्च: थोडी लाख किंवा एक पाचर)

झिणझिण्या आणि फोड ही मुठीची लक्षणं आहेत. कोयता कानाजवळ धरून जोरात हलवा. 'टक्' असा बारीक आवाज आला की मूठ सैल. दुसरी खूण, घाव घातल्यावर पातं किंचित फिरतं. सैल मुठीत घावाचा जोर पात्यापर्यंत जातच नाही, तळव्यात येतो. शिवाय सैल मुठीतून निसटलेला कोयता कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून मूठ सैल असेल तर त्या दिवशी काम बंद, एवढं ठरवूनच टाका.

कोकणात मूठ सैल होण्याचं एक खास कारण आहे. इकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं. त्या फुगलेल्या लाकडात ठोकलेली मूठ दिवाळीनंतर सुकते आणि सैल पडते. उपाय म्हणून कोयता रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. सकाळी मूठ घट्ट वाटते खरी, पण फुगलेलं लाकूड लोखंडावर दाबून चेपतं आणि पुन्हा सुकल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होतं. हा उपाय मी सोडून दिला.

जुनी रीत लाखेची. मुठीतून पात्याचं शेपूट बाहेर काढायचं, भोकात लाखेची पूड भरायची, शेपूट तापवून आत घालायचं आणि निवेपर्यंत हलवायचं नाही. तापवताना पात्यावर ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर धारेचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कठीणपणा जातो. कुदळ, कुऱ्हाड, फावड्याचा दांडा असेल तर सुक्या लाकडाची पाचर ठोका. दांड्याच्या टोकाला शेंबी, म्हणजे लोखंडी कडं, असेल तर ती तडकली नाही ना तेही बघा. दांड्यासाठी बाभूळ उत्तम, कारण ती चिवट असते आणि हादरा पिते. मूठ घट्ट झाल्यावर जवसाचं तेल दोन वेळा चोपडून ठेवा म्हणजे लाकूड पाणी कमी पितं. हे सगळं मे महिन्यात, लाकूड कोरडं असताना करायचं.

६. हत्यार चुकतंय का? (खर्च: दुसरं हत्यार)

एकाच कोयत्याने सगळं परडं साफ करायचा हट्ट नको. गवताला विळा. बोटाएवढ्या ते अंगठ्याएवढ्या झुडपाला कोयता. मनगटाएवढ्या फांदीला करवत. त्याहून जाड असेल तर करवत किंवा कुऱ्हाड. आंबा-काजूची फांदी कोयत्याने कधीही तोडू नका, फाटलेल्या सालीतून रोग शिरतो. करवतीने आधी खालून थोडा चर पाडा, मग वरून कापा, म्हणजे फांदी पडताना साल खाली खोडापर्यंत सोलली जात नाही. कापल्या जागी बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा.

वेलींना तर हत्यारापेक्षा वेळच द्यावा लागतो. झाडावर चढलेला वेल बुंध्याशी कापा आणि आठ-दहा दिवस तसाच सोडा. सुकला की पानं गळतात, पकड सुटते. हिरवा वेल ओढला तर त्याच्याबरोबर सुकी फांदी अंगावर येते. खाजकुइलीच्या शेंगा मखमली दिसू लागल्या असतील तर तिकडे वाऱ्याच्या दिवशी फिरकू नका. लव अंगावर आली तर चोळू नका, चिकटपट्टीने उचलून मग धुवा.

७. पोलादाचं पाणी उतरलं असेल तर (इथे लोहार)

वरचं सगळं झालं, उतार बरोबर आहे, तरीही धार अर्ध्या तासात जाते. आता पात्याच्या धारेचा रंग बघा. निळसर-जांभळा पट्टा दिसला तर कुठल्यातरी यंत्रावर धार लावताना पातं तापलेलं आहे. पोलाद तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की त्यावर निळा रंग चढतो आणि कोयत्याच्या धारेला लागणारा कठीणपणा कमी होतो. आमचा एक जुना, ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता तालुक्याच्या गावी यंत्रावर धार लावायला दिला तेव्हा तो असाच निळा होऊन आला. दिसायला लखलखीत होता. मी तो लोहाराकडे नेला. त्याने कानस एकदा फिरवली आणि म्हणाला, "भाऊ, ह्याचं पाणी उतरलंय." कठीण पात्यावरून कानस घसरते, मऊ पात्यात रुतते. ही परीक्षा घरीही करता येते.

निळा पट्टा दोन-तीन मिलिमीटरच असेल तर कानशीने तो झिजवून खालचं चांगलं पोलाद बाहेर काढता येतं. पट्टा रुंद असेल, पात्याला तडा असेल, पातं वाकलं असेल किंवा बोटाच्या पेरापेक्षा खोल दाता असेल तर थांबा. चुलीत तापवून पाण्यात बुडवायचा प्रयोग करू नका. नुसतं बुडवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ होतं, घाव घालताना तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. पाणी दिल्यावर ते पुन्हा किंचित तापवून उतरवावं लागतं आणि ते रंगावरून ओळखणं लोहाराच्या डोळ्याचं काम आहे. लोहाराला पैसे देताना घासाघीस करू नका. आमच्या पंचक्रोशीत आता भाता चालवणारं एकच घर उरलं आहे.

रान पुन्हा पुन्हा येतं

आता ते शेवटचं लक्षण. कोयता उत्तम चालतो, तरी संक्रांतीपर्यंत परडं पुन्हा हिरवं. याचं कारण रानमोडी आणि घाणेरी. दोन्ही अमेरिका खंडातून आलेली झुडपं, आणि दोन्ही बुंध्यापासून फुटतात. वरून छाटली की एका खोडाच्या जागी पाच धुमारे येतात. म्हणजे कोयत्याने आपण त्यांना दर वर्षी दाट करत असतो.

घाणेरीसाठी मला एकच पद्धत मनापासून पटली. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरली. झुडूप वर छाटायचं नाही. बुंध्याभोवतीची माती थोडी सरकवून जमिनीच्या खाली, जिथून धुमारे फुटतात त्या गाठीच्या खालून, मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं टाकायचं. मुळं हवेत सुकतात, फांद्या जमिनीला लागून पुन्हा रुजत नाहीत. मी आमच्याकडे हे करताना टिकाव वापरतो. एका झुडपाला कोयत्यापेक्षा चौपट वेळ जातो, पण त्या जागी पुन्हा तेच झुडूप काढायची वेळ माझ्यावर आलेली नाही. नवी रोपं मात्र बियांतून येतात. ती पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर हाताने उपटावी लागतात, ओल्या मातीत ती सहज निघतात.

रानमोडीचं बी वाऱ्याने उडतं. ती हिवाळ्यात फुलते, त्यामुळे फुलं सुकून म्हातारीसारखं बी सुटण्याआधी काम झालं पाहिजे. फेब्रुवारीत बेणलं तर आपणच बी पेरत फिरतो. काढलेलं रान जाळू नका. जानेवारीनंतर गवत सुकलेलं असतं, एका परड्यातली आग वाऱ्याबरोबर काजूच्या बागेत जाते. बी न धरलेलं रान झाडांच्या आळ्यात पसरा, उन्हाळ्यात ओल टिकते.

इथे थांबायचं आणि माणूस बोलवायचा

विजेची तार रानात शिरली असेल किंवा फांदी तारेला टेकली असेल तर कोयता खाली ठेवा आणि महावितरणच्या वायरमनला कळवा. ओली फांदी वीज वाहते, लाकडी मूठ तुम्हाला वाचवत नाही.

आग्या मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचं घर दिसलं तर त्या बाजूचं काम सोडा. धूर करून बघू नका. मोहोळ काढणाऱ्या जाणत्या माणसालाच बोलवा.

माडावर, पोफळीवर, उंच आंब्यावर चढायचं काम पाडेल्याचं. शिडी आणि कोयता ही जोडी मी स्वतःसाठी बंद केली आहे.

मोठं झाड तोडायचंच असेल तर आधी परवानगी. खाजगी जमिनीतल्या झाडांसाठीही १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ ही आपल्या परड्यातली झाडं आहेत. वनविभागाच्या कार्यालयात विचारा. झाड घरावर कललं असेल तर तोडणारा अनुभवीच हवा.

गडग्यात किंवा घराच्या जोत्यात पिंपळ-वडाची मुळं शिरली असतील तर ती ओढू नका. मुळांनी धरलेला दगड मुळाबरोबरच सुटतो. तिथे गवंडी आधी, कोयता नंतर.

साप दिसला तर मारू नका, अडवू नका, सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवा. चावला तर आवळपट्टी नको, कापणं-चोखणं नको. अंगठी, कडं काढा, हात-पाय न हलवता १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नसते. फुरशाच्या दंशात रक्त गोठणं बिघडतं आणि सुरुवातीला जखम किरकोळ दिसते. म्हणून "थोडी सूज आहे, बघू सकाळी" असं करू नका.

सड किंवा कोयता लागून जखम झाली तर साबण-पाण्याने धुवा, दाबून धरा आणि धनुर्वाताची सुई त्याच दिवशी घ्या. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर जखम लहान दिसली तरी शल्यचिकित्सकालाच दाखवा, आत स्नायुबंध तुटलेला असू शकतो.

काम संपल्यावर कोयता धुऊन, सुकवून, खोबरेल लावून खुंटीला टांगा. पडवीच्या ओल्या भिंतीला पातं टेकू देऊ नका, मागे सोडणाचा तुकडा अडकवा.